काँक्रीटच्या ओट्याचे पोपडे निघताहेत: पुन्हा रंगवण्याआधी काय बघावं, काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरापुढचा काँक्रीटचा ओटा, साधारण १५ चौरस मीटरचा. वर छप्पर आहे, पुढची कड उघडी. आजवर तीनदा रंगवून झाला. शेवटचा रंग दोन वर्षांपूर्वीचा, आणि आता त्याचे पोपडे निघताहेत. काही ठिकाणी मात्र तो इतका घट्ट बसलाय की खरवडूनही हलत नाही. भिंतीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जुना रंग सगळा काढावाच लागेल का, ॲसिडने धुतलं तर भागेल का, आणि या वेळी इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारा राळेचा थर) द्यावं का.

उत्तरं आधी देऊन टाकतो. रंग बहुतेक सगळा काढावा लागेल. ॲसिडने रंग निघत नाही, आणि तुमच्या ओट्याला त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही. इपॉक्सी आत्ता नको, त्या पांढऱ्या भुकटीचा उलगडा होईपर्यंत तर नकोच. पण या तिन्हींच्या आधी एक चौथा प्रश्न येतो: या ओट्यात पाणी कुठून येतंय? मी बरीच वर्षं काँक्रीटच्या जमिनी घासण्याचं आणि रंगवण्याचं काम करतोय. दर दोन-तीन वर्षांनी रंग सुटणाऱ्या जमिनी बघायला जातो, तेव्हा घरमालक रंगाच्या कंपनीवर चिडलेले असतात. डब्यातल्या रंगात खोट निघाली, असं मात्र फार कमी वेळा झालंय. खोट असते ती खालच्या ओलीत, नाही तर घाईत सोडून दिलेल्या घासाईत.

सुरुवात एका पोपड्यापासून करा. हाताच्या तळव्याएवढा पोपडा अलगद सोडवा आणि उलटा करून त्याची मागची बाजू उजेडात नीट बघा. निम्मं निदान इथेच होतं.

मागच्या बाजूला राखाडी सिमेंटची पातळ भुकटी चिकटलेली असेल, तर रंगाने आपलं काम केलं होतं, खालचं काँक्रीट सुटलं. काँक्रीट ओतून घोटताना पाणी जास्त झालं असेल तर वर बारीक सिमेंटची एक कमकुवत साय येते. ती नखाने खरवडली तरी पीठ निघतं. त्या सायीवर कितीही भारी रंग दिला तरी तो सायीसकट उचलला जाणार.

मागची बाजू स्वच्छ असेल आणि तिथे जुन्या थराचा रंग दिसत असेल, तर दोन थरांमधली पकड सुटली आहे. जुना चकचकीत रंग न घासता त्यावर नवा दिला, किंवा मध्ये धूळ-तेल राहिलं, की असं होतं. मागची बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि खाली काँक्रीटही चकचकीत असेल, तर जमीन इतकी घोटलेली आहे की रंगाला धरायला जागाच नाही, किंवा काँक्रीट ओतल्यावर पाणी टिकवायला फवारलेलं मेणचट द्रावण अजून वर आहे. आणि मागची बाजू चिकट, साबणासारखी बुळबुळीत लागली, तर तो तेलाचा रंग आहे. काँक्रीट कमालीचं अल्कधर्मी असतं. नव्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ पर्यंत जातो. त्यात ओल मिळाली की तेलाच्या रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. म्हणून काँक्रीटच्या जमिनीवर तेलाचा रंग मी देत नाही आणि देऊ नका असंच सांगतो. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाला हा त्रास फारसा होत नाही.

पोपड्याखाली ओलसर गडद डाग किंवा पांढरे क्षार दिसले, तर पाणी खालून येतंय.

आता तुमची पांढरी भुकटी. हा लोणा. काँक्रीटमधून पाणी वर येताना आतला विरघळलेला चुना घेऊन येतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि चुन्याचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. लोणा पुसून टाकला की प्रश्न मिटला असं बहुतेकांना वाटतं. पण लोणा म्हणजे पाण्याच्या वाटेची खूण आहे. रंगाच्या थराखाली तो साठला तर त्याचे स्फटिक वाढतात आणि थर ढकलून वर काढतात. ब्रशने झाडून त्यावरच प्राइमर मारलेला मी कितीदा पाहिलाय. एखाद्या वर्षात त्याच जागी तेच पोपडे.

तेव्हा पाण्याची वाट शोधा. छपरावरचं पाणी पन्हळीतून नेमकं ओट्याच्या कडेशी पडतं का? भिंतीलगतची माती ओट्याच्या पातळीला किंवा वर आली आहे का? ओट्याचा ढाळ भिंतीकडे आहे का? एक बादली पाणी ओतून बघा, पाणी कुठे धावतं ते लगेच कळतं. ढाळ घराबाहेरच्या दिशेने हवा, दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर. भिंत आणि ओटा यांच्यातला सांधा उघडा असेल, तर पाऊस तिथून सरळ स्लॅबखाली जातो. कुंड्यांखालच्या ताटल्या तपासा. वर्षभर एकाच जागी ठेवलेली कुंडी खालचं काँक्रीट कायम ओलं ठेवते. यातल्या निम्म्याअधिक गोष्टी एका दिवसात सुधारता येतात, आणि त्या सुधारल्याशिवाय पुढचं काम सुरू करू नये.

पाणी वरून येतंय की जमिनीतून, हे कळायला प्लास्टिकची चाचणी आहे. रंग निघालेल्या जागी ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने अशा बंद करा की हवा आत-बाहेर जाणार नाही. किमान १६ तास ठेवायचा असतो. मी दोन दिवस ठेवतो. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा काँक्रीट आजूबाजूपेक्षा गडद झालेलं दिसलं, तर ओल खालून येते आहे. भिंतीजवळ एक, मध्ये एक आणि पुढच्या कडेला एक अशा तीन जागी लावा. तुकड्यावर थेट ऊन पडणार नाही असं बघा. सतत कोरड्या दिवसांत ही चाचणी चांगली निघाली म्हणून हुरळून जाऊ नका. पावसानंतर तीन-चार दिवसांनी पुन्हा लावा, कारण रंग सुटतो तो तेव्हाच्या ओलीने.

तुमचा ओटा जमिनीवर टेकलेला आहे की खाली पोकळी आहे, हे प्रश्नात आलेलं नाही. जमिनीवर टेकलेला असेल आणि ओतताना खाली प्लास्टिकचा पडदा घातला नसेल, तर मातीतली ओल कायम वर येत राहणार. वरून कुठलाही रंग देऊन ती थांबत नाही.

आता जुना रंग. घट्ट बसलेला भाग तसाच ठेवून फक्त सुटलेला काढला तर चालेल का, याला प्रामाणिक उत्तर असं की कधीकधी चालतं. घट्ट दिसणारा भाग खरंच घट्ट आहे का, ते तपासायला धारदार पात्याने काँक्रीटपर्यंत जाणारी फुलीची खूण करा, प्रत्येक रेघ चार सेंटिमीटरची. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून घासा, मिनिटभर थांबा आणि पट्टी उलट दिशेला एका झटक्यात ओढा. फुलीच्या रेघांपासून रंग उचलला गेला, तर तो भागही लवकरच सुटणार. अशा आठ-दहा फुल्या ओट्यावर विखरून करा. सगळ्या टिकल्या आणि सुटलेला भाग थोडाच असेल, तर खरवडा आणि रंगाच्या कडा इतक्या घासा की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागणार नाही. पण पाव ओटा उघडा पडला असेल, किंवा एकावर एक तीन-चार थर साचले असतील, तर ठिगळं लावण्यात अर्थ नाही. नवा थर वाळताना आकसतो आणि खालच्या थराला ओढतो. खालचा कच्चा असेल तर नवा रंगच त्याला उखडतो. तुमच्याकडे तीन थर आहेत आणि पोपडे पसरलेत, म्हणून मी सगळा काढला असता.

काढायला हात घालण्याआधी एक गोष्ट, आणि ती टाळू नका. घर जुनं असेल तर खालच्या थरांमध्ये शिसं असू शकतं. शिशाचा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर जाते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागून तोंडात गेली तर त्याच्या मेंदूची हानी होते. ती भरून येत नाही. सगळ्या थरांसकट एक टवका प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं तर कोरडी घासाई आणि हीट गन दोन्ही बंद. ओलं करून खरवडायचं किंवा रंग काढणारं रसायन वापरायचं, निघालेला चोथा गोळा करून घातक कचरा म्हणून द्यायचा आणि मुलांना त्या भागापासून लांब ठेवायचं. मोठं काम असेल तर शिशाच्या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवा.

शिसं नसेल, तर १५ चौरस मीटर म्हणजे दोन माणसांचं एक-दोन दिवसांचं काम. सुटलेला रंग आधी लांब दांड्याच्या खरवडणीने काढा. वाकून काम करायला लागलात तर तासाभरात कंबर बोलायला लागते आणि मग माणूस उरकायला बघतो. राहिलेल्या जाड थरावर रसायन लावा. डायक्लोरोमिथेन असलेलं रसायन घेऊ नका. बंदिस्त जागेत त्याच्या वाफांनी माणसं मेली आहेत, आणि तुमच्या ओट्यावर छप्पर आहे. बेंझिल अल्कोहोलवर आधारलेलं जाडसर रसायन सावकाश काम करतं, पण करतं. ते जाड थापा, वर प्लास्टिक अंथरा म्हणजे वाळणार नाही, काही तास किंवा रात्रभर राहू द्या आणि मग खरवडा. नंतर साबणाच्या पाण्याने दोनदा घासून धुवा. काँक्रीटच्या बारीक भोकांत राहिलेलं रसायन नव्या रंगालाही मऊ करतं.

प्रेशर वॉशरवर माझा फार भरवसा नाही. सुटलेले पोपडे तो झकास उडवतो, घट्ट रंगाला हात लावत नाही आणि मऊ काँक्रीटवर एकाच जागी धरला तर चर पाडतो. शिवाय स्लॅबमध्ये एवढं पाणी ढकलतो की वाळायला दिवस लागतात. धुवायला वापरा, रंग काढायचं मुख्य हत्यार म्हणून नको.

शेवटचे चिवट डाग आणि वरची कच्ची साय काढायला हिऱ्याचे कण बसवलेली वाटी लावलेला ग्राइंडर लागतो. सँडपेपर रंगाने मिनिटात भरतो, त्यावर वेळ घालवू नका. ग्राइंडरला धूळ ओढणारं झाकण आणि त्याला व्हॅक्यूम जोडलेला हवा. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती फुफ्फुसात बसते आणि परत निघत नाही. कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत तिचं नाव पहिल्या गटात आहे. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ तरी हवा, शक्य असेल तर पी-१०० गाळण्यांचा अर्धा मुखवटा. घराची दारं-खिडक्या बंद ठेवा. ग्राइंडर एका जागी थांबवू नका, सतत गोल फिरवत राहा, नाही तर वाटीच्या खुणा उठतात आणि त्या रंगाखालूनही दिसतात. कडा आणि कोपरे हातानेच करावे लागतात. कंटाळा तिथेच येतो, आणि पुढे रंगही तिथूनच सुटतो.

घासून झालेली जमीन हाताला ८० ते १०० नंबरच्या सँडपेपरसारखी लागली पाहिजे. मग जागोजागी पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात थेंब मुरला आणि जागा गडद झाली, तर काँक्रीट रंग धरायला तयार आहे. थेंब मण्यासारखा उभा राहिला, तर तिथे अजून जुना सीलर (पाणी अडवायला दिलेला लेप), तेल किंवा मेण आहे. तेवढी जागा पुन्हा करा.

आता ॲसिडचं. हायड्रोक्लोरिक ॲसिडने काँक्रीट खरखरीत करण्याची पद्धत जुनी आहे आणि उघड्या, स्वच्छ, गुळगुळीत काँक्रीटवर ती काम करते. पण ॲसिड सिमेंटवरच चालतं. रंग, सीलर किंवा तेलाखाली ते पोचतच नाही. तुमच्या ओट्यावर ते उघड्या जागा खाईल आणि रंगाची बेटं तशीच राहतील. शिवाय त्यातले क्लोराइड आतल्या लोखंडाला गंज आणतात, आणि वाफांनी जवळच्या जाळ्या, कठडे, कडी-कोयंडे काळवंडतात. ग्राइंडरने घासल्यावर ॲसिडची गरज राहत नाही. तरी कुठे वापरायची वेळ आलीच, तर आधी जमीन ओली करा, ॲसिड नेहमी पाण्यात घाला, ॲसिडमध्ये पाणी कधीच घालू नका, चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. फेस थांबला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ते मारून टाका आणि धुवत राहा. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात बुडवलेल्या पीएच कागदाचा रंग नळाच्या पाण्यातल्या कागदाशी जुळेपर्यंत थांबू नका. नीट न धुतलेल्या ॲसिडच्या क्षारांवरून सुटलेले रंग मी खूप दुरुस्त केले आहेत.

जमीन उघडी झाली की हातोडीने टकटक करत सगळीकडे फिरा. पोकळ आवाज आला तिथे वरचा थर खालून सुटलाय. तो भाग भक्कम काँक्रीट लागेपर्यंत फोडा. खड्डे भरताना कडा कापून उभ्या करा, पाच-सहा मिलिमीटर तरी खोल. दुरुस्तीचा माल कडेला शून्यावर निमुळता सोडला की तो आधी तिथून उडतो. पॉलिमर घातलेला सिमेंटचा माल वापरा, खड्डा ओला करा पण पाणी साचू देऊ नका, आणि माल ब्रशने घासून पहिला पातळ हात द्या, मग भरा. भिंतीची पुट्टी जमिनीवर चालत नाही, ती मऊ पडते.

भेगांच्या बाबतीत आधी ती भेग हलते का ते बघा. दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून अंतर मोजा आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. स्थिर भेग इपॉक्सीने किंवा दुरुस्तीच्या मालाने भरता येते. हलणारी भेग कडक मालाने भरली तर शेजारीच नवी पडते. तिथे पॉलियुरेथेनचा लवचिक सीलंट (रबरासारखा ताणला जाणारा भराव) द्या. ओट्यात मुद्दाम ठेवलेले सांधे बुजवू नका. भिंत आणि ओटा यांच्यातल्या सांध्यात फोमची दोरी दाबून वर सीलंट भरा. तुमच्या भिंतीलगतच्या लोण्यावर माझ्या अंदाजाने हाच मुख्य उपाय आहे.

यानंतर थांबायचं. धुतलेली जमीन वरून एका दिवसात वाळलेली दिसते, आत ओल असते. तीन कोरडे दिवस तरी जाऊ द्या आणि प्लास्टिकची चाचणी पुन्हा लावा. नव्या मालाच्या दुरुस्त्या पिशवीवर सांगितलेला वेळ पिकू द्या. नवं काँक्रीट ओतलं असेल तर २८ दिवस.

मग प्रश्न येतो, द्यायचं काय? इथे मी तुमच्या आवडीपेक्षा प्लास्टिकच्या तुकड्याचं ऐकेन.

तुकड्याखाली ओल आली तर रंगाचा पापुद्रा बसवूच नका. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, कारण रंगासाठीच तर एवढा खटाटोप केलेला असतो. पण वाफेला बाहेर पडायला वाट हवी. अशा ओट्याला सिलेन-सिलोक्सेनचा मुरणारा सीलर द्या. तो वर थर धरत नाही, भोकांच्या भिंतींना पाणी नाकारायला लावतो आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतो. पोपडे निघायला मुळात पापुद्राच नसतो. दिसायला काँक्रीट काँक्रीटच राहतं, जुन्या डागांसकट. रंग हवाच असेल, तर पाण्यात मिसळलेला ॲक्रिलिक काँक्रीट स्टेन बघा. तो रंगापेक्षा पातळ असतो, बराचसा मुरतो, आणि काही वर्षांनी झिजतो तेव्हा फिका पडत जातो, पोपडे सहसा काढत नाही. वर पुन्हा एक हात दिला की झालं. घासलेल्या, ठिगळांच्या ओट्याला मी गेली काही वर्षं हाच सुचवतोय, कोरड्या ओट्यालासुद्धा.

तुकडा कोरडा निघाला तर ॲक्रिलिकचा जमिनीसाठी असलेला रंग चांगला. भिंतीचा रंग नको, तो पायाखाली टिकत नाही. डब्यावर एक-घटकी इपॉक्सी लिहिलेलं असेल, तर तो इपॉक्सी मिसळलेला ॲक्रिलिक असतो. वाईट नसतो, पण खऱ्या दोन-घटकी इपॉक्सीची ताकद त्यात नसते.

खरं दोन-घटकी इपॉक्सी फार मजबूत असतं आणि घरातल्या कोरड्या जमिनीला मी आनंदाने देतो. उघड्या ओट्यावर त्याच्या दोन अडचणी आहेत. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं आणि वर खडूसारखी भुकटी धरतं. तुमची पुढची कड उघडीच आहे. दुसरी, ते वाफ जवळजवळ अडवून धरतं, म्हणून ओल खालून येत असेल तर मोठाले फुगे येतात आणि निघतात तेव्हा काँक्रीटचा वरचा थर घेऊन निघतात. त्यावर उन्हात टिकणाऱ्या अलिफॅटिक पॉलियुरेथेनचा थर दिला तर पहिली अडचण सुटते, दुसरी सुटत नाही.

ॲक्रिलिक रंग देत असाल तर वेळ नीट निवडा. सकाळी ऊन चढत असताना काँक्रीटमधली हवा फुगते आणि ओल्या रंगातून बुडबुडे काढते. ऊन जमिनीवरून हटल्यावर, तापमान उतरू लागलं की सुरू करा, पण दव पडायच्या आत रंगाला चार-पाच तास मिळतील एवढं आधी. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवं. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर तो दिवस सोडून द्या. पुढचे दोन दिवस पाऊस नसेल असं बघूनच डबा उघडा.

रंगाच्या कंपनीनेच सांगितलेला काँक्रीटचा प्राइमर आधी, मग रंगाचे दोन पातळ हात. एक लिटर साधारण ८ चौरस मीटरला एका हातासाठी पुरतो, म्हणजे तुम्हाला दोन हातांना चार लिटरच्या आसपास लागेल. तुमच्या हातून तीनच लिटर संपले तर थर पातळ झालाय, आणि सहा गेले तर जाड. जाड थर वरून वाळतो, आत कच्चा राहतो, आणि खुर्चीचे पाय त्यात रुततात. कडा ब्रशने आधी, लगेच मागून रोलर, म्हणजे जोड दिसत नाही. घराच्या दारापासून पायरीकडे मागे सरकत या. येण्याजाण्याची तीच एक वाट असेल, तर ओटा सांध्याच्या रेषेवर दोन भागांत करा. मधेच थांबलात तर जोडाची रेघ कायम दिसते.

ओला रंगवलेला ओटा पायाखालून निसटतो, विशेषतः चकचकीत रंगाचा. शेवटच्या हातात बारीक पकडीचे दाणे मिसळा. अनवाणी चालत असाल तर पॉलिमरचे दाणे घ्या. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे जास्त धरतात पण पायाला टोचतात. दाणे तळाशी बसतात, म्हणून दर काही मिनिटांनी ढवळा. आधी एका फळीवर लावून, वाळवून, ओलं करून पाय ठेवून बघा. पायरीच्या तोंडाला दाणे कधीही टाळू नका.

दुसऱ्या दिवशी हलक्या पावलांनी चालता येईल. खुर्च्या-टेबल तीन दिवसांनी, उचलून ठेवून, ओढत नाही. रबरी तळाची पायपुसणी महिनाभर लांब ठेवा; रबरातली द्रव्यं कच्च्या रंगात उतरतात आणि डाग पडतो किंवा पायपुसणी रंगासकट उचलली जाते. कुंड्या पायांवर उभ्या करा, खालून वारा खेळला पाहिजे. उरलेला रंग हवाबंद छोट्या बरणीत भरून त्यावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहा. पुढच्या कडेचा पहिला टवका उडेल तेव्हा, तो टिकलीएवढा असतानाच, तेवढीच जागा घासून, वाळवून, त्या बरणीतल्या रंगाने भरा. तीन-चार महिने थांबलात तर पाणी कडेखालून आत जातं आणि तोच टवका ताटलीएवढा होतो.